दीपस्तंभाचा पांढरा

वकिलीतून सवड काढून आम्ही ॲक्रिलिक रंग हाती घेतले, त्यास बारा वर्षे झाली. प्रथम मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ रंगविला. नळीतला पांढरा जसाच्या तसा फासला. स्तंभ कसला, चुन्याचा ढीग! तीर्थरूप मात्र म्हणाले, "ओळखू येतो, पुरे," आणि चित्र ओसरीवर लावले. हे रंग पाण्यात कालवतात, पण वाळले की पाण्याने सुटत नाहीत. वाळताना किंचित गडदही होतात. उलटतपासणीत निसटलेल्या प्रश्नाचीच ही जात! पुढे पातळ थर देऊ लागलो. पांढऱ्याच्या सावलीत निळा-जांभळा वसतो, हे उमगावयास सहा वर्षे लागली. गतवर्षी तीर्थरूप गेले. परवा ते चित्र सुधारावयास उतरविले. जुना थर झाकणे सोपे होते. कुंचला ओला केला, क्षणभर धरला, आणि धुऊन ठेविला.