जीपमधील आवाजाची वाटणी

वरातीच्या गाडीतून जो दणदणाट निघतो त्यास आमचे तरुण ‘साउंड’ म्हणतात. त्यांच्या हौसेशी आमचे भांडण नाही. परंतु मोठा आवाज निराळा आणि स्पष्ट आवाज निराळा. खानापूर तालुक्यातील दूरच्या वाड्यांवरून वृद्धांस रविवारच्या मिस्सेस आणणाऱ्या आमच्या जीपमध्ये स्टीरिओ बसविला, तेव्हा हा भेद चांगलाच ध्यानी आला.

मनुष्याचा कान दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकतो. एवढा पल्ला एका स्पीकरच्या आवाक्यातला नव्हे. म्हणून खर्जासाठी मागे मोठा सबवूफर, मधल्या स्वरांसाठी दारांतले स्पीकर आणि बारीक स्वरांसाठी काचेजवळ चिमुकले ट्वीटर असतात. ज्याचे त्यास वाटून देणारी चाळणी म्हणजे क्रॉसओव्हर फिल्टर. शहरातील कारागिराने तारा नेटक्या जोडल्या, पण फिल्टर बंदच ठेवून गाडी आमच्या हवाली केली. सगळे स्पीकर सगळेच वाजवू लागले आणि दारांचे पत्रे थरथरू लागले.

जीपने येणाऱ्या एका आजीबाईंचा मुलगा आखातात नोकरीस आहे. तो फोनवर निरोप बोलून पाठवितो. आजींना कमी ऐकू येते, म्हणून तो निरोप जीपमध्ये मोठ्याने लावीत. ‘नाताळाला येतो’ एवढे त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी घर सारवावयास घेतले. आम्हांस मात्र मधले शब्द गिळले गेल्यासारखे वाटत होते. ‘स’सारख्या व्यंजनांचा जोर ४,००० कंपनांच्याही वर असतो, घुमणाऱ्या खर्जाखाली तीच प्रथम बुडतात.

एके दुपारी वीजकाम जाणणाऱ्या एका तरुणास घेऊन आम्ही जीपमध्ये बसलो. प्रथम आवाज उतरविला. सबवूफरचा ‘लो पास’ ८० हर्ट्झवर आणला, दारांच्या स्पीकरांचा ‘हाय पास’ही ८० वर. ही मर्यादा भिंतीसारखी नसून उतारासारखी असते. १२ डेसिबलचा उतार निवडला, तर दारांच्या स्पीकरांत ८० च्या खाली कंपने निम्मी होतील तसतसा आवाज साधारण १२ डेसिबलने घटत जातो. लो पास १५० च्या वर नेऊन पाहिला, तेव्हा बोलणारा पुरुष मागे सामानात बसला आहे असे वाटू लागले. तो पुन्हा खाली आणला. फेजचे बटण दोन्हीकडे फिरवून, जेथे खर्ज भरीव लागला तेथे ठेवले.

ट्वीटरच्या तारेत कपॅसिटरच नव्हता! संथ कंपने अडवून जलद तेवढी सोडणे हे त्याचे काम. तो नसेल तर ट्वीटरची नाजूक तार जळावयास वेळ लागत नाही. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर जोडला की सुमारे ४,००० हर्ट्झपासून वरचे स्वर त्याच्या वाट्यास येतात. हा जिन्नस थोडक्या पैशांत मिळतो.

पुढल्या रविवारी आजींचा निरोप पुन्हा लावला. मुलगा म्हणत होता, ‘नाताळाला सुट्टी नाही, आई. ईस्टरला येतो.’

आजी काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘फादर, आणखी एकदा लावा. आवाज अगदी त्याचाच आहे.’