हरूनही पुन्हा डाव

व्हिडिओ गेम खेळणारा माणूस बहुतेक वेळ हरत असतो. खड्ड्यात पडतो, गोळी लागते, वेळ संपतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तेही स्वखुशीने, अनेकदा पदरचे पैसे मोजून. एरवी हार टाळणारी माणसं गेममध्ये ती ओढवून का घेतात, या कोड्यावर डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी 2013 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. संपादकांनी ‘लोकांना गेम का आवडतात’ यावर लेख मागितला, तेव्हा सुरुवात इथूनच करायची हे माझं ठरलं. ‘जिंकायला आवडतं म्हणून’ हे सर्वांत सोपं उत्तर इथेच बाद होतं.

मी पुण्यात गेम डिझाइन करते. खेळाडू हरला तर का हरला हे त्याला लख्ख कळावं, आणि पुढच्या खेपेला काय करायचं ते कुणी न सांगता सुचावं, एवढ्यासाठी आमची सगळी खटपट असते. नव्वदच्या दशकात कॅसेटचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होता, त्यांना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवत असेल. 1985 चा हा गेम शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. त्याची सुरुवात बघा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. साहजिकच आपण उजवीकडे निघतो. समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मारिओ मरतो, पण नुकसान जेमतेम काही सेकंदांचं. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून धडक दिली की मशरूम बाहेर येतं, उजवीकडे सरकतं, पाइपाला आपटून उलटं आपल्याकडेच येतं. टाळायला गेलं तरी बहुधा अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षरही न वाचता मूल नियम शिकलेलं असतं, आणि ते आपण स्वतः शोधून काढले असं त्याला वाटतं. खरंही तेच असतं.

हा कारागिरीचा भाग बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. प्लेटेस्टला, म्हणजे गेम अर्धवट असताना मुलांना खेळायला देऊन आम्ही मागे उभे राहतो तेव्हा, एक तक्रार हमखास येते: “ताई, मी बटण दाबलं होतं!” कड्यावरून उडी मारताना मारिओसारखं पात्र खाली पडलेलं असतं. नोंद तपासली तर पाय कड्यावरून सुटल्यानंतर बटण दाबलेलं दिसतं. म्हणजे यंत्राच्या हिशोबाने मुलगा चूक. पण त्याच्या डोळ्यांच्या आणि बोटांच्या हिशोबाने तो बरोबर असतो, आणि आम्ही त्याचं ऐकतो. कडा सुटल्यावरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका वेळ उडी चालेल, अशी सवलत आत लिहून ठेवतो. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. खेळाडूला हे कधीच कळत नाही. त्याला फक्त वाटतं, गेम न्यायाने वागतोय, आता पडलो तर दोष माझा. हार पचते ती या विश्वासावर.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन गरजा मांडल्या: स्वतः निवड करता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. रायन यांनी 2006 मध्ये सहकाऱ्यांबरोबर हेच गेमला लावून पाहिलं. ज्या गेममध्ये या गरजा भागतात, तिथे आनंद जास्त आणि पुन्हा खेळण्याची इच्छाही जास्त, असं त्यांना आढळलं. शाळेत, नोकरीत आपण कुठे सुधारलो हे महिनोन्महिने कळत नाही. गेममध्ये ते पुढच्या उडीला कळतं.

आता ज्या विषयावर माझा पारा चढतो, त्याकडे येते. मागे एका पालकसभेत एका आईने विचारलं, “तुम्ही मुलांच्या मेंदूत डोपामिन सोडता ना?” सभागृहात माना डोलल्या. दोन मिनिटांत उत्तर देणं शक्य नव्हतं, आणि तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

या समजाचं मूळ 1998 च्या एका प्रयोगात आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आठ पुरुषांना पेट स्कॅनरमध्ये रणगाड्याचा गेम खेळायला दिला, आणि मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन स्रवल्याचं दिसलं. ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. पण खेळणारे आठच होते आणि पातळी पार केल्याबद्दल त्यांना पैसेही मिळत होते, हे कुणी सांगत नाही. शिवाय डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, ही समजूतच कच्ची आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षित सरबत मिळालं की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. सरबताआधी खूण मिळते हे माकड शिकलं, की त्या खुणेलाच उसळायच्या, सरबताला नाही. खूण मिळून सरबत आलं नाही, तर त्यांची हालचाल मंदावायची. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. मिशिगनच्या केंट बेरिज यांनी तर उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं. ते उंदीर अन्नाकडे जाईनात. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच चवीने जिभल्या चाटायचे. ओढ वेगळी आणि गोडी वेगळी, ती अशी.

त्या आईला मला हेच सांगायचं होतं. काही गेम गोडी देतात. काही नुसती ओढ लावतात, आणि ती लावण्याची हत्यारं आमच्याच पेटीत आहेत: कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस, थोडक्यात हुकल्याचा भास, रोज आला नाहीत तर साठवलेलं जाईल ही धास्ती. पैसे भरून नशीब आजमावायच्या काही ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमने 2018 मध्ये जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण बोलताना लोक आजही रमी आणि मारिओ एकाच टोपलीत टाकतात. एका ग्राहकाने मला सांगितलं होतं, मूल एक दिवस आलं नाही की त्याची कमाई काढून घ्या, म्हणजे आठवडाभर टिकेल. मी ते काम नाकारलं. ते दुसऱ्या स्टुडिओने केलं. माझ्या नकाराने कुठल्या मुलाचं भलं झालं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते मला खुपतं.

आजार असतो, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्यात तासांची मर्यादा नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वर ठेवणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे निकष आहेत.

म्हणून पालकांना एक विनंती. या सुट्टीत मोबाइल हिसकावण्याआधी अर्धा तास मुलाशेजारी बसा आणि “मला शिकव” म्हणा. हरल्यावर ते काय करतं ते बघा. कुठे चुकलं हे सांगत नवी युक्ती करून पाहत असेल, तर त्याला खेळू द्या. जेवणाची वेळ झाली की हाक मारा. आजचं बक्षीस बुडेल म्हणून कंटाळलेल्या चेहऱ्याने बटण दाबत असेल, तर तो गेम काढून टाका, आणि का काढला तेही त्याला सांगा.