गणपतीच्या जागी सुपारी

सत्यनारायणाच्या पूजेला भटजी पाटावर एक सुपारी मांडतात आणि सांगतात, हा गणपती. आपण मुकाट्यानं हात जोडतो. पुढं मूर्ती असो की सुपारी, मंत्रात काना-मात्रेचा फरक होत नाही. दागिने नसतील तर अक्षता वाहा म्हणतात. यजमानाचं भागतं, भटजींचंही भागतं. गणपतीची तक्रार अजून तरी कानावर आलेली नाही.

१९८८ साली आलेल्या आयबीएमच्या एएस/४०० संगणकावर हीच पूजा चालायची. त्याच्या वारसाला हल्ली 'आयबीएम आय' म्हणतात. पूजा तीच आहे. समजा, व्याज आकारणारा एक प्रोग्राम आहे आणि त्यात 'लेजर' हे फाइलीचं नाव पक्कं बसवलेलं आहे. आता चाचणी काय खऱ्या लेजरवर घेणार? आणि चाचणीपुरता प्रोग्राम बदला, पुन्हा कंपाइल करा, मग परत पूर्ववत करा, हे कुणी सांगितलंय? त्यापेक्षा ओव्हीआरडीबीएफ नावाची एक ओळीची कमांड द्यायची : 'लेजर म्हटलं की चाचणीची अमुक फाइल समज.' प्रोग्राम बिचारा लेजर, लेजर म्हणत राहतो आणि लिहितो नकलेत. त्याला पत्ताच नसतो.

सोवळंओवळं मात्र आहे. सुपारी आवाहनाआधी मांडायची. फाइल एकदा उघडल्यावर कमांड दिलीत तर मशीन ती मुकाट ऐकून घेतं आणि लिहितं मात्र जुन्याच फाइलीत. (थेट आमच्या वरिष्ठांसारखं.) शिवाय सुपारीच्या जागी बटाटा चालत नाही. दोन्ही फायलींचा साचा जुळला नाही तर मशीन तिथंच अडवतं. हा तपास बंद करायचीही सोय आहे. ती वापरणाऱ्याला माझा लांबून नमस्कार.

खरी गोम पुढंच आहे. ही कमांड एखाद्या प्रोग्रामपुरती दिलेली असली, तर तो प्रोग्राम संपताच तीही संपते. म्हणजे सुपारी मांडणारा हात धुऊन घरी गेला की सुपारीही गेली! त्यानंतर व्याजाचा प्रोग्राम स्वतंत्र चालवलात आणि लायब्ररींच्या यादीत खरं लेजर असलं, तर तो अडखळतसुद्धा नाही. त्याला नाव सापडलं, फाइल उघडली, चाचणीचं व्याज खऱ्या खात्यांवर. ठेवीदाराला जास्त पडलं तर तो गप्प बसतो, हा माझा काउंटरवरचा अनुभव. कर्जदाराला जास्त पडलं की तो पासबुक नाचवत दार उघडायच्या आत हजर. त्याला मी काय सांगू? 'साहेब, सुपारी हलली'?

आमच्या संगणक विभागातल्या पोराला मी हे विचारलं. तो म्हणाला, "काका, डीएसपीओव्हीआर म्हणून कमांड आहे. चालू असलेले सगळे ओव्हरराइड दाखवते. मी आधी ती बघतो."

"प्रत्येक वेळी?"

"मार्चअखेरीला दोनदा."