डॉक कॉफमन यांचं देणं

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की लोकांना मोठमोठे वादक आठवतात. मला सगळ्यात आधी आठवतात क्लेटन कॉफमन. सगळे त्यांना डॉक म्हणत. माझ्या हातून निघालेल्या कितीतरी सुरांवर या माणसाचा हक्क आहे, असं मी मनापासून मानतो.

डॉक तरुण होते तेव्हा अमेरिकेत हवाईयन गिटारचं वेड होतं. तारांवरून पोलादी कांब सरकवायची आणि सूर लहरत न्यायचा. पडद्यांच्या गिटारवर असं कसं जमावं? डॉकनी एक दांडी बनवली. ती हलवली की तारांचा ताण कमीजास्त होई आणि अख्खा सूर थरथरे. त्या 'व्हायब्रोला'साठी 1929 साली त्यांनी अर्ज केला, पेटंट मिळालं 1932 साली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांची ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' गिटार बाजारात आली. नालेसारख्या लोहचुंबकांमधून जाणाऱ्या पोलादी तारा, खाली तांब्याचं वेटोळं. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. ही पहिली इलेक्ट्रिक गिटारही हवाईयनच होती. आमच्या घरी व्हॅन शिप्ले यांच्या हवाईयन गिटारवरच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड लागत, त्यातल्या मींडेचं मूळ माझ्यासाठी तिथवर जातं.

डॉकनी पुढे रिकनबॅकरसाठी मोटर बसवलेली गिटार केली. दांडीला हात न लावता सूर आपोआप थरथरे, पण वाद्य इतकं जड की ते स्टँडवर उभं करून वाजवावं लागे. मला त्या जिद्दीचंच कौतुक वाटतं.

व्हायब्रोलाचा खरा दोष वेगळा होता: दांडी सोडली की तारा पुन्हा जागेवर येत नसत. मर्ल ट्रॅव्हिस हे नावाजलेले वादक त्याला वैतागले आणि पॉल बिग्जबींकडे गेले. बिग्जबी मोटारसायकलींच्या यंत्रकामात मुरलेले. त्यांनी दुरुस्ती सोडून नवीच यंत्रणा घडवली, ती आजही बनते. डॉकचे एकेकाळचे भागीदार लिओ फेंडर यांना तर गिटार वाजवताही येत नसे. फुलर्टन गावात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्यांनी तारा जिथे टेकतात तो ब्रिज आणि दांडी एकत्र आणली: पुढे सहा स्क्रूंवर झुलणारा ब्रिज, मागच्या पोकळीत स्प्रिंगा.

ती पोकळी मला आमच्या गिटारच्या सरांनी दाखवली. मी गिरगावात ऑर्केस्ट्रात वाजवायचो, आणि दांडी दाबली की माझ्या तारा उतरायच्या. सरांनी गिटार पालथी घालून मागचं झाकण काढलं. "हे बघ, तारा पुढून ओढतात, स्प्रिंगा मागून. दोघांचं ओढणं सारखं झालं की ब्रिज आपल्या जागी परत येतो." मग स्प्रिंगांची पकड धरणारे दोन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचे, तारा सुरात लावायच्या, पुन्हा फिरवायचे. शेवटी मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचांमध्ये शिसपेन्सिल घासली, तार अडकू नये म्हणून. घामट पावसाळ्यातल्या कार्यक्रमांतही ती गिटार मला दगा देत नसे. सरांनी या विद्येचे पैसे कधी घेतले नाहीत.

डॉकनी लिओंसोबत 1945 साली 'के अँड एफ' नावाने गिटार आणि अँप्लिफायर बनवायला सुरुवात केली आणि वर्षभरातच ते बाहेर पडले. मंदीची वर्षं पाहिलेला माणूस, धंद्यासाठी कर्ज काढायची त्यांना धास्ती वाटे. पुढे फेंडर हे नाव जगभर गेलं, पण दोघांची मैत्री तुटली नाही. डॉक 1990 साली गेले, लिओ 1991 साली.

शिकायला येणाऱ्या मुलांसमोर मी मागचं झाकण काढतो, तेव्हा डॉकपासूनच सुरुवात करतो. "त्यांची कुठली गाणी आहेत?" असं मुलं विचारतात. मी त्यांना दांडी दाबायला सांगतो आणि म्हणतो, "आता स्प्रिंगांकडे बघा."