उपाशी पाणी

शुद्ध पाण्यावर आपली फार भाबडी श्रद्धा. गंगाजल आणि डॉक्टरांनी सांगितलेले उकळून गाळलेले पाणी, दोन्ही आपण सारख्याच भक्तिभावाने पितो. पण लोखंडी नळाला विचाराल, तर तो निराळेच सांगेल.

आमच्या शहापूरच्या घरी विहिरीचे पाणी जड. तांब्याच्या बंबात आतून पांढरे पुट धरायचे. आई त्याच्या नावाने खडे फोडी. सरपण जास्त लागते, ही तिची तक्रार खरीच होती. बंबाला मात्र कधी डाग लावावा लागला नाही.

पुढे नोकरीपायी रोज किन्हवलीवरून मुरबाडला जाऊ लागलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रे निववण्यासाठी नळांतून पाणी फिरवत. नळांत खार साचतो म्हणून वरिष्ठांनी यंत्र बसवून पाण्यातला क्षाराचा कण न् कण काढून टाकला. सगळे खूश! वर्ष सरता सरता जोडांतून तांबडे पाणी झिरपू लागले आणि एका रात्री नळ फुटला. रात्रपाळीचा एक पोरगा कढत पाण्याने भाजता भाजता वाचला.

आमच्या वयस्क फिटरमामांनी तो नळ उभा चिरून माझ्यापुढे ठेवला. आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

"साहेब, एवढं स्वच्छ पाणी, मग लोखंड खाल्लं कुणी?"

"त्या पाण्यानंच, मामा."

क्षार काढलेले पाणी उपाशी असते. टाकी उघडी असली की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पी. एच. 7 वरून 5.6 च्या आसपास उतरतो, म्हणजे पाणी किंचित आंबट होते. साध्या पाण्यातले बायकार्बोनेट हा आंबटपणा आवरून धरते; इथे ते नसतेच. चुन्याचे पातळ अस्तरही धरत नाही. मग हवेतल्या प्राणवायूला उघडे लोखंड आयते सापडते. कोणते पाणी खार सोडील आणि कोणते अस्तर खाऊन टाकील, हे ताडण्याचे गणित लँगेलियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1936 साली मांडले.

पावसाचे पाणीही याच जातीचे, मऊ. आमच्या तालुक्यातली तानसा, भातसा ही धरणे त्यानेच भरतात. ते पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. पण तो विषय काढला तर हा अंक पुरणार नाही.

शुद्ध पाणी वापरू नये असे मुळीच नाही. विजेच्या कारखान्यांत बॉयलरला तेच लागते. पण आधी त्यातली हवा काढतात आणि मग त्याचा आंबटपणा मोडतात. आम्हीही टाकी झाकली, पाणी किंचित अल्कधर्मी ठेवले, गंजरोधक म्हणून नायट्राइट घातले.

शिवाय मामांनी लोखंडाची एक पट्टी तोलून फिरत्या पाण्यात टांगली. तीन महिन्यांनी ती काढायची, घासून पुन्हा तोलायची, वजन वहीत लिहायचे. त्या दिवशी काट्याभोवती सोनाराच्या दुकानासारखी गर्दी होई, आणि सगळ्यांत पुढे तो रात्रपाळीचा पोरगा.