सूर्य मावळला की दिवा आपोआप!

घड्याळ नाही हो, सूर्य! आमच्या घरातले दिवे आता सूर्याच्या वेळेवर चालतात, आणि हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

झालं असं, नव्या स्मार्ट बल्बच्या ॲपमध्ये संध्याकाळी सातची वेळ लावायला बसले, तर वेळेच्या खालीच पर्याय दिसला: सूर्यास्त. म्हणजे याला रोजचा सूर्यास्त कळतो? कळतो! घराचं ठिकाण एकदा दिलं की त्याचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांवरून रोजची वेळ निघते. आमच्या पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास. सव्वा तासाचा फरक! सातला नेमलेला दिवा हिवाळ्यात अंधार पडून गेल्यावर लागणार आणि जूनमध्ये लख्ख उजेडात.

बरं, मागेपुढेही करता येतं. आमचं स्वयंपाकघर पूर्वेला, समोर उंच इमारत. तिथे अंधार लवकर दाटतो. म्हणून तिथला दिवा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. पश्चिमेच्या हॉलमध्ये संधिप्रकाश रेंगाळतो, तिथला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी. दिवेलागणीला कणीक मळत असते, हात बरबटलेले, आणि ओट्यावर उजेड पसरतो. बटणाला हात लावायचा नाही!

मग होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर सापडलं आणि मी हरखूनच गेले. फुकट, मुक्तस्रोत, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं. पाउलस स्खाउटसेन या प्रोग्रामरने ते २०१३मध्ये सुरू केलं, आणि त्याची सुरुवातच मुळी सूर्य मावळताना घरातले दिवे लावण्यापासून झाली! यात सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला यावरही दिवा लावता येतो. शिवाय अटी घालता येतात: घरात कोणी असेल तरच, उजेड अमुक लक्सपेक्षा कमी असेल तरच. ही लक्सची अट पावसाळ्यात फार मोलाची. आषाढात दुपारी चारलाच अंधारून येतं तेव्हा सूर्यास्ताचं गणित काय कामाचं? तिथे प्रकाशाचा सेन्सरच हवा. बल्ब झिगबी या बिनतारी पद्धतीवर चालणारे असतील तर इंटरनेट बंद पडलं तरी सगळं सुरळीत चालतं.

माझं सगळ्यात लाडकं ऑटोमेशन मात्र रात्रीचं आहे. अकरा ते पाच या वेळात आई उठली, की पॅसेजमधला दिवा दहा टक्क्यांवर, पिवळसर २७०० केल्विनमध्ये लागतो आणि ती खोलीत परतल्यावर विझतो. डोळे दिपत नाहीत, अंधारात चाचपडणं नाही. यासाठी लागतो फक्त हालचाल टिपणारा एक छोटा सेन्सर. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे आधी करावं, बाकी सगळं नंतर.

तुम्हीही एका बल्बवर करून पाहाच. भिंतीवरचं बटण चालूच ठेवा, नाहीतर बल्बला हुकूम पोचणार नाही. वीज जाऊन आल्यावर बरेच बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतात, मग ती रात्रीची दोनची वेळ का असेना. सेटिंगमध्ये ‘आधीची स्थिती’ निवडता येत असेल तर ती निवडा. आणि ॲपमध्ये ठिकाण तुमच्याच गावाचं आहे ना, हे सर्वांत आधी तपासा. नागपूरचा सूर्य मुंबईच्या आधी मावळतो!