पुलापलीकडचे गडी

सत्तरी उलटलेल्या गृहस्थाने पहाटे पाचाला उठून मोटारीच्या डिकीत काय भरावे? फार तर देवळात न्यायची फुले, नाही तर मंडईची पिशवी. जूनमधल्या एका शनिवारी मी काय भरतो ते सांगतो. फक्कीची पोती, बेस म्हणून जमिनीवर ठेवायच्या रबरी गाद्या, दोन डझन पिवळेजर्द चेंडू, बर्फाच्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, हृदयाचे बिघडलेले ठोके झटका देऊन ताळ्यावर आणणारे डिफिब्रिलेटर नावाचे यंत्र, आणि आमच्या सौभाग्यवतींनी आदल्या रात्री करून ठेवलेले बटाटेवड्यांचे सारण. यातले सारण तेवढे सोडले तर बाकीचे काहीच या वयाला शोभत नाही, असे माझ्या पुण्याच्या अक्काचे स्पष्ट मत आहे.

"अरे, सॉफ्टबॉल ना? आमच्या इथे शाळेतल्या मुली खेळतात तो," अक्का फोनवर म्हणाली. "तुम्ही म्हातारे बाप्ये काय करता त्यात?"

अक्काचे अगदीच चुकत नाही. महाराष्ट्रात शाळाशाळांतून मुली हा खेळ फार चांगला खेळतात, आणि ऑलिंपिकमध्ये १९९६ साली तो आला तोही फक्त बायकांसाठीच. पण मी राहतो तिकडे, म्हणजे कॅनडात टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा गावी, केस पिकले की पुरुषमंडळी या खेळाकडे वळतात. आपल्याकडे या वयात माणूस ज्ञानेश्वरी तरी हाती घेतो किंवा सोसायटीचा चिटणीस तरी होतो. मी १९८६ साली इकडे आलो, तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि निवृत्त झालो. त्याच आठवड्यात शेजारचे पोर्तुगीज सुतारबाबा कुंपणावरून म्हणाले, "तुम्हाला आकडे येतात ना? मग धावा मांडायला या." धावा मांडता मांडता परवाने, विमा, पाणी, सावली आणि भांडणे असे सगळेच माझ्या वहीत आले, आणि आमच्या मैत्रीच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याचा मी कारभारी झालो.

'आंतरराष्ट्रीय' या शब्दाने दबून जाऊ नका. नायगारा नदीवर १९२७ साली बांधलेला 'पीस ब्रिज' नावाचा पूल आहे. त्याच्या अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिकेतले बफेलो शहर. तिथले वीसपंचवीस म्हातारे मोटारींतून दोन तासांत आमच्याकडे येतात, एवढेच आमचे आंतरराष्ट्रीयत्व. खरे राष्ट्रसंमेलन पाहायचे तर आमच्या एकट्या संघात पाहावे. त्यात पोर्तुगीज, इटालियन, जमैकन, फिलिपिनो, एक निवृत्त शीख ट्रकचालक आणि धावांच्या वहीपाशी मी.

या खेळाचा जन्मच मुळी रिकामटेकडेपणातून झाला. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोतल्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. येल जिंकल्याची बातमी आली तेव्हा आनंदाच्या भरात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला, आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हँकॉक नावाच्या गृहस्थांनी त्या मोज्याला दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला आणि खोलीतच खेळ मांडला. 'सॉफ्टबॉल' हे नाव पडायला मात्र १९२६ साल उजाडावे लागले. आजचा आमचा चेंडू बारा इंच घेराचा, चांगल्या मोसंब्याहून मोठा. नावात मऊ असला तरी तो नडगीवर बसला की नावाची थट्टा कळते.

म्हाताऱ्यांनी तो खेळणेही नवे नाही. फ्लॉरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग गावी 'किड्स अँड कब्ज' नावाचा क्लब १९३० साली निघाला. त्यात शिरायला पंचाहत्तरीचे व्हावे लागते. चौऱ्याहत्तरचा माणूस तिथे अजून पोरसवदा! यूटा राज्यात सेंट जॉर्ज येथे १९८७ सालापासून ऑक्टोबरात पन्नाशीपुढच्यांचे जागतिक खेळ भरू लागले. तिथे पदके असतात, संचलन असते. आमच्याकडे पदके नाहीत, वडे आहेत.

मला या खेळात सर्वांत आवडतात ते वयस्करांसाठी केलेले नियम. ज्याने कोणी ते केले त्याला गुडघ्यांची चांगली माहिती असली पाहिजे. पहिल्या बेसला दोन गाद्या असतात, एक पांढरी, एक नारिंगी. पळणाऱ्याने नारिंगीवर पाय द्यायचा, चेंडू झेलणाऱ्याने पांढरीवर, म्हणजे दोन सत्तरीची शरीरे एकमेकांवर आदळत नाहीत. शेवटच्या टप्प्यालाही तसेच. धाव पुरी करणाऱ्याला वेगळी पाटी दिलेली असते. चेंडू टाकणाऱ्याने तो उंच कमान करून टाकायचा, निदान सहा फूट, फार तर बारा. तो वरून झाडावरच्या कैरीसारखा खाली येतो, त्यामुळे चष्म्याच्या भिंगाचा वरचा भाग आणि खालचा भाग दोन्ही वापरून नीट बघायला वेळ मिळतो. शेवटचा सोडून कोणत्याही डावात पाचांच्या वर धावा घ्यायच्या नाहीत, म्हणजे कोणाचा फार पाणउतारा होत नाही. आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याने फक्त टोलवावे, त्याच्याऐवजी दुसऱ्याने पळावे. आमच्यातले एक जमैकन आजोबा दोन्ही कृत्रिम खुब्यांनिशी असे टोलवतात की समोरचे तरुण, म्हणजे बासष्टीचे, दहा पावले मागे सरकतात.

पण नियम छापील पुस्तकात मिळतात. मेळावा त्यांवर चालत नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिला प्रश्न मैदानाचा नसून स्वच्छतागृहाचा असतो. एकदा नगरपालिकेने फार सुंदर मैदान देऊ केले, हिरवळ म्हणजे गालिचा. पण ते ठिकाण पाचशे पावलांवर. मी नको म्हणालो. त्याऐवजी उंचसखल मैदान घेतले, जिथे ते अगदी कुंपणाला लागून आहे, आणि सगळ्यांनी मला दुवा दिला. दुसरा प्रश्न सावलीचा. आणि तिसरा, ज्यात माझे अर्धे वर्ष जाते, विम्याचा. अमेरिकेत पासष्टीपुढच्या माणसाला सरकारी मेडिकेअर असते, पण ती साधारणतः सीमेच्या आतच चालते. पुलाच्या या बाजूला येऊन कोणाचा पाय मोडला तर त्याचे बिल त्याला मैदानापेक्षा रुग्णालयाची जास्त आठवण ठेवायला लावील. म्हणून प्रत्येकाकडून प्रवासविम्याचा कागद आल्याखेरीज मी त्याचे नाव यादीवर चढवत नाही. यावरून मला बफेलोकर 'कस्टम्सचे साहेब' म्हणतात.

पहिल्या दिवशी देशाविरुद्ध देश खेळतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून दोन मिश्र संघ करतो. मैत्री खरी होते ती दुसऱ्या दिवशी, कारण काल ज्याला बाद केले त्याच्यासाठी आज पळावे लागते. वडे मी पहिल्याच दुपारी काढतो. बफेलो हे तिखट कोंबडीच्या पंखांचे माहेरघर, १९६४ साली तिथल्या अँकर बार या खानावळीतून तो पदार्थ निघाला म्हणतात. तेव्हा लसणाच्या चटणीने ही मंडळी डगमगत नाहीत. उलट, "एवढंच तिखट?" असे एकाने विचारल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पुढच्या वर्षी जी चटणी केली, तिच्याविषयी पुलापलीकडे अजून बोलतात.

हे सगळे असे हसतखेळत चालले असताना २०२० साल आले. २१ मार्चला दोन्ही देशांनी सीमा अनावश्यक प्रवासाला बंद केली. पूल जागच्या जागी होता, नदी वाहत होती, पण येणेजाणे थांबले. कॅनडाने लस घेतलेल्या अमेरिकनांना ९ ऑगस्ट २०२१ पासून येऊ दिले, आणि अमेरिकेने जमिनीवरची वाट उघडली ती ८ नोव्हेंबरला. म्हणजे आमचे दोन जून गेले. तिशीतल्या माणसाचे दोन उन्हाळे गेले तर तो तिसरा गाठतो. आमच्या यादीतल्या लोकांकडे उन्हाळे मोजके. मी दर महिन्याला एकेकाला फोन करीत असे. सुरुवातीला गप्पा खेळाच्या असत. मग औषधांच्या झाल्या. मग काही घरांत फोन बायकोने किंवा मुलाने उचलायला सुरुवात केली. २०२२ च्या वसंतात मी जुनी यादी काढली. एकोणतीस नावांपैकी सात नावांपुढे मला पेन्सिलीने रेघ मारावी लागली. सगळी काही त्या रोगाने गेली नव्हती. त्यांतले दोघे जिवंत होते, पण आता खुर्चीतून उठत नव्हते.

त्या उरलेल्यांत बफेलोचे पिचर होते. पूर्वी टपाल वाटण्याचे काम करीत. त्यामुळे असेल, चेंडू बरोबर पत्त्यावर पडे. २०२३ च्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचा मला फोन आला. बाबा आता त्र्याऐंशीचे आहेत, म्हणाली. विसरतात. परवा सरावात चेंडू टोलवून पहिल्या बेसऐवजी तिसऱ्याकडे धावले. "त्यांना मी सांगू शकत नाही. तुम्ही कारभारी आहात. तुम्हीच सांगा, की वयाची मर्यादा आली आहे."

आमच्याकडे वयाची मर्यादा आहे, पण ती खालची. वरची कोणी घातलेली नाही. मी तिला दोन दिवसांची मुदत मागितली आणि दोन्ही कप्तानांना फोन लावले. बफेलोचे कप्तान स्पष्ट बोलले. पिचर टोलवणाऱ्यापासून जेमतेम पन्नास फुटांवर उभा असतो, नव्या बॅटींवरून चेंडू गोळीसारखा परततो, हात वेळेवर वर आला नाही तर काय होईल? आमचे सुतारबाबा म्हणाले, "मग जाळी लावू पुढे." कप्तान म्हणाले, "आणि पळताना?" सुतारबाबा थोडे थांबून म्हणाले, "पहिल्या बेसला मीच असतो. मी हाक मारीन."

मुलीशी पुन्हा बोललो तेव्हा तिची खरी धास्ती वेगळीच निघाली. खेळाची नव्हे, तर ते एकटे मोटार घेऊन पुलावर येतील आणि वाट चुकतील याची. ती गोष्ट सोपी होती. तिलाच मी आमंत्रण दिले. त्यांच्या मोटारीची किल्ली तिच्या पर्समध्ये, तिचा विम्याचा कागद माझ्या फायलीत.

जूनमध्ये ती मंडळी आली. पिचरसाहेबांनी जाळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "ही कोणासाठी?" मी म्हटले, "यंदा दोन्ही संघांना आहे." तसे आम्ही आधीच ठरवले होते, आमचा पासष्टीचा पिचर कुरकुरत का होईना, जाळीमागूनच टाकत होता. साहेबांनी दोन डाव टाकले. मधेच एकदा कितवा डाव आहे हे विसरले, पण कमान मात्र तीच, अगदी पूर्वीची.

मग त्यांची टोलवण्याची पाळी आली. त्यांच्यासाठी पळायला एक जण तयार उभा होता. त्यांनी हात हलवून त्याला बसवले. चेंडू त्यांनी जमिनीलगत तिसऱ्या बाजूला मारला. मारल्यावर क्षणभर ते उभेच राहिले. मान डावीकडे गेली, उजवीकडे आली. मुलगी खुर्चीवरून उठली होती. तेवढ्यात नारिंगी गादीपाशी टोपी हलवत सुतारबाबा ओरडले, "इकडे, माझ्याकडे! मी इथे आहे!" शत्रुपक्षाचा माणूस असा ओरडताना मी कधी ऐकला नव्हता. साहेब निघाले. पळणे कसले ते, झपझप चालणेच. पण तोंड बरोबर दिशेला होते.

आमच्या क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून फेकला. सगळ्या मैदानाला वाटले की सुतारबाबा आता तो हातातून सोडणार. त्यांनी तो स्वच्छ झेलला. साहेब दोन पावलांनी बाद! कोणी टाळी वाजवेना. साहेब तसेच पुढे येऊन गादीवर पाय देऊन थांबले, धापा टाकत हसले आणि सुतारबाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "फेक छान होती रे."

दुपारी वडे खाताना मी सुतारबाबांना विचारले, "सोडायचा ना!"

"सोडला असता तर कळलं असतं त्याला," ते म्हणाले आणि चटणी पुढे ओढली.

२०२४ च्या जानेवारीत मी नेहमीप्रमाणे मैदानाच्या परवान्याचा अर्ज केला आणि नावे मागवली. बफेलोहून सर्वांत आधी जो लिफाफा आला तो साहेबांचा. अर्ज मुलीच्या हातचा, नीटनेटका. 'खेळाडू की प्रेक्षक' या रकान्यात तिने 'प्रेक्षक' लिहिले होते. त्यावर दुसऱ्या शाईने आडवी रेघ मारून थरथरत्या, मोठाल्या अक्षरांत कोणी तरी लिहिले होते, 'पिचर'. विम्याचा कागद सोबत जोडलेला होता. मी नाव यादीवर चढवले आणि जाळीची फाटलेली कड शिवायला टाकली.